खरं लग्न, खोटी उत्तरं

नऊ वर्षं मी लोकांची लग्नं तपासली. जमवली नाहीत, लावली नाहीत. तपासली. एखादी बाई समोर बसून सांगते की अमुक माणूस माझा नवरा. तर तो खरोखरच तिचा नवरा आहे का, हे ठरवायला मदत करणं ही माझी नोकरी. मी स्वतः बिनलग्नाची. त्यामुळे मुलाखतीला आलेल्या निम्म्या बायका माझा प्रश्न बाजूला ठेवून आधी मलाच विचारायच्या, "बाई, तुमचं झालंय?" नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं, मग हिला यातलं काय कळणार!

ऑफिस मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात होतं. पूर्व आफ्रिकेतल्या एका वसाहतीचं परवाना ऑफिस. वसाहतीचं नाव घेत नाही, आता ते नावही उरलेलं नाही. पन्नासच्या त्या दशकात आपली पुष्कळ माणसं तिकडे रेल्वेत, पोस्टात, वर्कशॉपात होती. पुरुष आधी एकटा जायचा आणि बस्तान बसलं की बायकोला बोलावून घ्यायचा. परवाना बायकोला मिळे. बहिणीला, मेव्हणीला, चुलतभावाच्या बायकोला मिळत नसे. साहजिकच काही बहिणी आणि मेव्हण्या कागदावर बायका होऊन निघायच्या. त्या दोघीचौघींना अडवण्यासाठी बाकीच्या सगळ्या खऱ्या बायकांचा छळ मांडलेला होता, आणि त्या छळाची मी दुभाषी.

पहिली मागणी असायची लग्नाच्या दाखल्याची. आमच्याकडे त्या वेळी लग्न नोंदवतं कोण? भटजींनी अक्षता टाकल्या, जेवणं झाली, लग्न झालं. मग भटजींचं पत्र आणा, पत्रिका आणा, फोटो आणा. मुलुंडच्या एका माणसानं सुनेच्या लग्नाचे अकरा फोटो आणले होते. एकाही फोटोत मुंडावळ्यांमुळे नवऱ्याचा चेहरा धड दिसत नव्हता. परवाने देणाऱ्या आमच्या इंग्रज साहेबांनी भिंगातून सगळे फोटो पाहिले आणि मला विचारलं, "हा मनुष्य लपतो का आहे?" शाळेचा दाखला दाखवला तर त्यावर मुलीचं नाव वत्सला, आणि नवऱ्याच्या अर्जात भलतंच. लग्नात नाव बदलतात हे मी त्या ऑफिसात इतक्या वेळा समजावलं की शेवटी मी ते टाइप करूनच ठेवलं आणि फाइलला टाचू लागले.

आणि मग ते बेचाळीस प्रश्न. नवऱ्यानं तिकडे लिहून दिलेली उत्तरं बंद पाकिटातून आमच्याकडे यायची. तेच प्रश्न इथे बायकोला तोंडी विचारायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. प्रश्न ज्यानं तयार केले तो बंगल्यात राहणारा असावा. "शयनगृहाचं दार कोणत्या दिशेला उघडतं?" सात माणसं एका खोलीत झोपणाऱ्या बाईला मी हे मराठीत कसं विचारू? "पतीनं तुम्हाला लग्नाची मागणी कुठे घातली?" एकीनं शांतपणे सांगितलं, "मला कुठे? माझ्या मामांना घातली." "पती चहात साखर किती घेतात?" "मी घालीन तेवढी."

त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत. साहेब नाव विचारायचे, बाई पदर तोंडाला लावून गप्प. साहेब लिहायचे, 'पतीचं नाव सांगता येत नाही.' मी म्हणायची, "साहेब, सांगता येतं, सांगायचं नसतं." ते हताश होऊन पेन खाली ठेवायचे. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, प्रामाणिक होता, घामानं सतत भिजलेला असायचा आणि कागदावर त्याची फार श्रद्धा होती.

या श्रद्धेला एकदा चांगलाच तडा गेला. घाटकोपरची एक बाई आली. बेचाळीसपैकी बेचाळीस उत्तरं जुळली. साखर दीड चमचा, दार पूर्वेला, नवऱ्याच्या डाव्या पायावर चटक्याचा डाग. साहेब इतके खूश झाले की तिच्यासाठी उभे राहिले. पाच-सहा महिन्यांनी दुसरी बाई आली, कडेवर मूल आणि त्याच नवऱ्याचा अर्ज. हिची उत्तरं काही केल्या जुळेनात. हीच खरी बायको होती. पहिली त्याची आतेबहीण, उत्तरं पाठ करून आलेली. त्या दिवशी मला जी गोष्ट कळली ती साहेबांना कळायला फार वेळ लागला. खरी नवराबायको असतील तर त्यांचं साखरेवरसुद्धा एकमत नसतं.

पण मला सांगायचं आहे ते सुमन परबबद्दल. तिच्या बाबतीत मी जे केलं ते नियमाप्रमाणे केलं, आणि त्याचीच मला आजवर चुटपूट लागून राहिली आहे.

सुमन गोरेगावची. आरे कॉलनीकडे जो रस्ता जातो त्याच्या कडेला एक बैठी चाळ होती, तिथे सासू आणि दीर यांच्याबरोबर राहायची. दीर कॉलनीत दुधाच्या बाटल्या भरायच्या कामावर. नवरा दत्ताराम तिकडे रेल्वे वर्कशॉपात फिटर. लग्नानंतर एकोणीस दिवसांनी तो बोटीत बसला होता, त्याला तीन वर्षं होत आली होती. मुलगी विशीतली, सडपातळ, आवाज मात्र खणखणीत. प्रश्न विचारला की नजरेला नजर देऊन उत्तर द्यायची. मला वाटलं, ही एका तासात सुटेल.

साहेबांनी नवऱ्याचं पाकीट उघडलं आणि ताडायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या उत्तरापासून त्यांच्या भुवया चढू लागल्या.

घर कसं? सुमन म्हणाली, एक खोली, कंदील आहे. दत्तारामानं लिहिलं होतं, तीन खोल्या, विजेचे दिवे, पुढे व्हरांडा. लग्न कुठे झालं? ती म्हणाली, चाळीच्या अंगणात. त्यानं लिहिलं होतं, गिरगावातल्या हॉलमध्ये, बँडसह. नवरदेवाचा पोशाख? ती म्हणाली, धोतर आणि शेजारच्या मास्तरांचा कोट. त्यानं लिहिलं होतं, सूट. तिचं शिक्षण? ती म्हणाली चौथी, त्यानं लिहिलं मॅट्रिक. पतीनं दिलेली भेटवस्तू? "काय नाय," सुमन म्हणाली. पाकिटात होतं, सोन्याचं मनगटी घड्याळ. लग्नानंतर फिरायला? पाकिटात माथेरान. सुमन हसली. "फिरायला? बाजारात गेलो होतो एकदा, वळकटी घ्यायला."

शेवटचा प्रश्न होता, पती परदेशी निघाले त्या दिवशी आपण काय केलंत? इथे ती पहिल्यांदा अडखळली. मग म्हणाली, "धक्क्यावर गेले. सगळ्यांबरोबर. ओवाळलं." साहेबांनी नवऱ्याचं उत्तर पाहिलं आणि फुलीच मारली. ते उत्तर मला त्या दिवशी दिसलं नाही.

ती बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "मिस नाडकर्णी, ही स्त्री या माणसाला ओळखत तरी असेल का?"

मी म्हटलं, "साहेब, तो मोठेपणा मारतोय. वर्कशॉपातल्या चार माणसांसमोर बसून लिहिलं असणार."

"मग तो खोटारडा आहे, आणि मी खोट्या अर्जावर परवाना देऊ?"

एकदा नाकारलं की फाइल बंद. त्याआधी एकच पायरी शिल्लक होती, घरी जाऊन चौकशी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंड, ही उपनगरं माझ्याकडे होती, कारण मी पार्ल्याला राहत होते आणि ऑफिसातल्या इतरांना पार्ल्याच्या पलीकडे जंगल सुरू होतं असं वाटायचं.

मी गेले ती सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे नेमकी चाळीला पाणी येण्याच्या वेळी. चौकशीच्या छापील कागदावर लिहिलेलं होतं, किमान तीन शेजाऱ्यांना विचारावं, सदर स्त्री सदर पुरुषाची पत्नी म्हणून ओळखली जाते काय? नळावर सात-आठ बायका होत्या. मी फाइल उघडून विचारलं.

नळाखालचा हंडा भरून वाहू लागला. मग एक म्हणाली, "म्हणजे काय? काही भानगड आहे का, बाई?"

"भानगड नाही, नियम आहे."

"नियम कसला? आम्हाला नाही कुणी येऊन विचारलं, आमचं झालंय का म्हणून."

एकीनं सांगितलं, हो, लग्न झालं, मी जेवले. दुसरी म्हणाली, मी तेव्हा इथे राहत नव्हते, मला काय ठाऊक. तिसरीनं सुमनच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरकारलाच संशय असेल तर आपण कशाला बोला!"

मी सासूकडे गेले. जानकीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुमच्या मुलाचं लग्न या मुलीशी झालं ना? त्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की सरकारी माणसापुढे बोललेलं लिहिलं जातं आणि मग त्यावरून धरून नेतात. त्या म्हणाल्या, "माका काय म्हायत? झिलाक इचारा."

स्वतःच्या मुलाचं लग्न! स्वतःच्या हातानं अक्षता टाकलेल्या! मला इतका राग आला की मी तिथेच म्हणाले, "आजी, झील तीन हजार मैलांवर आहे. मी तुम्हाला विचारतेय." त्यांनी तोंड फिरवलं. आत सुमन चुलीपाशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. मी कागदावर लिहिलं, 'सासूनं माहिती देण्यास नकार दिला.' नियमाप्रमाणे तेच लिहायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी सुमन न बोलावता ऑफिसात आली, एकटी. मी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही येऊन गेलात ना, तेव्हापासून नळावर मला बाजूला उभी करतात. सगळ्यांचं भरलं की मग माझा हंडा. कुणी तोंडावर बोलत नाय. पण परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलंच नाय. एकट्या मलाच. म्हणतात, सरकार म्हणतं हिचं लग्नच झालेलं नाय, मग ही तीन वर्षं परबांच्या घरात कोण म्हणून राहते?"

"तुझ्या सासूबाई काय म्हणतात?"

"त्या घाबरल्यात. दिराचं लग्न ठरतंय, तिकडची माणसं चौकशी करतायत. मला म्हणाल्या, तू जरा गावी जाऊन राहा." ती थांबली. "गावी जाऊन काय सांगू? लग्न झालं होतं पण कागद जुळले नाय?"

तो हंडा मीच शेवटी लावला होता.

मग ती सरळ म्हणाली, "बाई, त्यांनी काय लिवलंय ते मला सांगा. मी तेच बोलते. तीन खोल्या तर तीन खोल्या."

उत्तरं सांगून फेरमुलाखत मागितली असती तर काम पाच मिनिटांत झालं असतं. शेवटचं सोडून सगळी उत्तरं मला ठाऊक होती. पण मला घाटकोपरची ती पाठांतर करून आलेली बाई आठवली, आणि मला चीड आली. साहेबांची, दत्तारामाची, त्या बंगल्यातल्या प्रश्नकर्त्याची. खोट्या बाईनं खोटं बोलून परवाना नेला, आणि आता खऱ्या बाईनंही खोटंच बोलायचं, तेव्हा कुठे ती खरी ठरणार! मी म्हटलं, "नाही सांगणार. तू घरी जा. मी बघते."

ती उठून गेली. वळूनही पाहिलं नाही. तिला वाटलं असणार, हीसुद्धा त्यांचीच.

मी साहेबांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. म्हटलं, "साहेब, तिची उत्तरं लिहून झालेली आहेत, ती आपण बदलायची नाहीत. मग तिला बोलवा आणि नवऱ्याची उत्तरं तिच्यासमोर वाचून दाखवा. असं करू नये असा नियम कुठे आहे?"

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. अर्धा तास शोधलं. नव्हता. "याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

"बायको नसेल तर ती घाबरेल आणि म्हणेल, हो हो, असंच आहे, मी विसरले. बायको असेल तर काय करेल ते तुम्हीच बघा."

पुढच्या आठवड्यात सुमनला बोलावलं. ती आली, खुर्चीत अंग चोरून बसली. साहेब एकेक उत्तर वाचत, मी मराठीत सांगत होते. तीन खोल्या. ती गप्प. विजेचे दिवे. ती गप्पच. गिरगावचा हॉल, बँड. तिच्या कपाळावर आठी आली. मॅट्रिक. तिनं ओठ आवळले. मग मी म्हटलं, "लग्नात तुला सोन्याचं घड्याळ दिलं."

"कोणी?"

"तुझ्या नवऱ्यानं."

ती ताडकन उभी राहिली. रागाच्या भरात तिचं मुंबईचं बोलणं गळून पडलं आणि माहेरचं मालवणी वर आलं. "मेल्यान घड्याळ दिल्यान? माका? खंय आसा ता? दाखवा माका! मास्तरांचो कोट परत करूक सांगलंय तर तोच अंगात घालून बोटीत बसलो. आजून मास्तर माका इचारतत, कोट खंय म्हणान! आणि हयसर सूट लिवता!"

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं.

"घड्याळ कुठे आहे असं विचारतेय."

"तिला सांगा, ते मलाही जाणून घ्यायचं आहे."

मी सांगितलं. सुमन त्या पाकिटाशीच भांडत होती, जणू दत्ताराम त्यात घडी घालून बसला होता. "मॅट्रिक! म्हणजे माज्या चौथीची लाज वाटता होय रे तुका? मगे पत्रां कोणाक लिवतस, त्या मॅट्रिकवालीक?" साहेब हातातलं पेन विसरून बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

मग त्यांनी शेवटचं उत्तर वाचलं. ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. वाचून त्यांनी कागद माझ्याकडे दिला, कारण सांगताना चूक व्हायला नको होती. दत्तारामानं लिहिलं होतं:

'ती धक्क्यावर आली नाही. आदल्या दिवशी मी तिला म्हणालो की तुला चारचौघांत बसायची रीत नाही, शिकून घे, मग बोलावीन. ती रुसून घरी बसली. बोट सुटेपर्यंत मी बघत होतो. चूक माझी होती.'

सुमन मटकन खाली बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग रडायलाच लागली, आवाज न करता.

"तू तर म्हणालीस धक्क्यावर गेले, ओवाळलं," मी म्हटलं.

"खोटं बोलले." तिनं डोळे पुसले. "नवऱ्याला पोचवायला गेली नाय ती कसली बायको, असं तुम्ही म्हणाल म्हणून." आणि मग, अगदी हळू, "त्यांनी बघितलं होतं होय मला शोधून? मला वाटलं, गेले तसेच."

मी हे शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. बाकी सगळीकडे नवरा खोटा नाही तर बढाईखोर, आणि शेवटच्या ठिकाणी बायको खोटी. साहेबांनी फाइल जवळ ओढली, आधीची फुली खोडली आणि मंजूर लिहिलं. मला म्हणाले, "मिस नाडकर्णी, हे सगळं मी अहवालात कसं लिहू?"

"लिहा, पती-पत्नीमध्ये भांडण झालं. सरकार समजून घेईल."

परवाना घ्यायला सुमन आली तेव्हा बरोबर जानकीबाई होत्या. सासू-सून शेजारी बसल्या होत्या, पण दोघींमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. मी शिक्का मारलेला कागद सुमनच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला.

"हा इंग्रजीत आहे," ती म्हणाली.

"बोटीवर इंग्रजीच लागतं."

"बोटीसाठी नाय म्हणत मी. मी जाईन बोटीतून. चाळीसाठी काय?"

आमचं ऑफिस असा कागद देत नसे. कुणाचं लग्न खरं आहे असं आम्ही लेखी कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त संशय घ्यायचो, आणि संशय फिटला की गप्प बसायचो. हेडक्लार्कला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हे आपलं काम नाही. म्हणून मी विचारलं नाही. ऑफिसचा एक कोरा कागद घेतला आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत, लिहिलं की सौ. सुमन दत्ताराम परब या श्री. दत्ताराम परब यांच्या धर्मपत्नी असल्याची या कार्यालयाची पूर्ण खातरी झाली आहे. खाली गोल शिक्का मारला. मला तो अधिकार मुळीच नव्हता. नऊ वर्षांत मी केलेलं ते एकमेव बेकायदा काम, आणि नोकरीतली हीच गोष्ट मी कुणी न विचारताही सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी गोरेगावला गेले. पाणी नुकतंच आलं होतं. मी फाइल उघडून पहिल्यांदा जिथे उभी राहिले होते तिथेच उभी राहिले आणि तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. तिथेच सुमनची क्षमा मागायची असं मी ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. बायका कागदाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मग त्या दिवशी "आपण कशाला बोला" म्हणाली होती तिनंच आपला हंडा नळाखालून सरकवला आणि म्हणाली, "ये गं सुमन, भरून घे."

सुमन मात्र दारातच उभी राहिली. पुढे झाल्या त्या जानकीबाई. रांगेतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या, कागद हातात घेतला, वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत पाहिला.

"ह्येच्यात माजा नाव खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव नाही, आजी."

"घाला," त्या म्हणाल्या. "लगीन मी लावलंय. आता सगळ्यांसमोर सांगतंय. लिवा."

मी नळाच्या कट्ट्यावर कागद ठेवला, पेन काढलं, आणि शिक्क्याखाली उरलेल्या जागेत लिहिलं, 'साक्षीदार: जानकीबाई परब, वराची आई.' जानकीबाईंनी ओला हात लुगड्याला पुसला, अंगठा माझ्या पेनाच्या शाईनं माखून घेतला आणि इतक्या जोरानं दाबला की कागद फाटता फाटता वाचला.